घरंदाज गुन्हेगार

गेल्या दिवाळीत आमच्या भवानी पेठेतल्या घरी एक पाहुणा आला आणि चांगला होळीपर्यंत मुक्काम ठोकून राहिला. पाहुणा अमेरिकेतील न्यू जर्सीचा. अंगाने धिप्पाड, खाण्याचा शौकीन, बायकामुलांत रमणारा. लोकांना सांगण्यापुरता त्याचा धंदा कचरा वाहून नेण्याचा. खरा धंदा खंडणी, जुगार, सावकारी आणि प्रसंग पडलाच तर खून. पुण्यास नोकरीला असलेला आमचा नातू सुटीत घरी आला, तेव्हा त्याने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर या गृहस्थाची गाठ घालून दिली. टोनी सोप्रानो हे त्याचे नाव. १० जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या आणि १० जून २००७ रोजी संपलेल्या 'द सोप्रानोज' या ८६ भागांच्या मालिकेचा हा नायक.

"सणासुदीला ही कसली माणसे घरात आणलीस रे?" मी म्हटले.

"आजोबा, पंधरा मिनिटे बघा. नाही आवडले तर बंद करतो," नातू म्हणाला.

त्या पंधरा मिनिटांचा तास झाला. या दांडगेश्वराच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे. त्यात रानबदके येऊन राहतात, त्यांना पिल्ले होतात. हा गडी त्यांना खाऊ घालतो, कौतुकाने पाहत बसतो. एके दिवशी बदके उडून जातात आणि ज्याने माणसे मारताना डोळ्याची पापणी हलवली नाही तो भर अंगणात भोवळ येऊन कोसळतो. मग मनाच्या विकारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंपुढे त्याला बसावे लागते. भाग संपता संपता त्याला उमगते, की त्याची भीती बदकांची नव्हेच; आपले घरही असेच एक दिवस उडून जाईल, ही ती भीती.

आता खरे सांगतो वाचकहो, माझा मुलगा शिकून परगावी गेला त्या वर्षी मलाही असेच काहीसे झाले होते. भोवळ आली नाही, इतकेच!

पुढे आमची सौ.ही येऊन बसू लागली. टोनीची आई लिव्हिया म्हणजे कुरकुर आणि कांगावा यांची मूर्ती. मुलाने तिला वृद्धांच्या वसाहतीत ठेवले म्हणून तिने असा डूख धरला, की दिराला हाताशी धरून ती पोटच्या पोराच्या जिवावर उठली. सौ. म्हणाली, "खुनाचे सोडा. बाकी अशा सासवा आपल्या पेठेत तीन तरी दाखवीन." इंग्रजी तिला येत नाही, पण त्या घरातले तिला सारे कळत होते.

ज्यांनी जन्मात कधी रेल्वेने विनातिकीट प्रवास केला नाही अशी पापभीरू माणसे एका खंडणीखोराच्या घरात रात्र रात्र का रमावीत? या प्रश्नाचा शोध घेता घेता मी न्यू जर्सीहून पुण्याच्या शनिवारवाड्यात आणि तेथून पुन्हा आमच्या सोलापुरात येऊन पोहोचलो. त्या फेरफटक्याचा हा वृत्तांत.

प्रथम शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांच्या तलवारी होत्या, परंतु सूत्रे घरातली होती. मारणाऱ्यांच्या पाठीशी सख्खा चुलता, आणि 'ध'चा 'मा' करण्याचा आळ लोकांनी ठेवला तो चुलतीवर. पुतण्या जीव वाचवण्यासाठी धावत गेला तोही काकांकडेच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी यावर 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिले. १९०९ साली ते रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. प्रेक्षक काय खून पाहण्यासाठी जात होते? खून झाला हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक होते. लोकांना पाहावयाचा होता तो राघोबादादांचा हेलकावे खाणारा जीव, आनंदीबाईंची ईर्ष्या आणि या दोघांपुढे न वाकणारे रामशास्त्री. म्हणजे घरातल्या घरात मुरलेल्या गुन्ह्याची गोडी आपण अमेरिकेकडून उसनी आणलेली नाही. भाऊबंदकी हा शब्दच मुळी आपला.

रहस्यकथेची गोडी वेगळी. आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या कथा पांघरुणात लपवून वाचल्या. त्यांत प्रश्न एकच असे : हे केले कोणी? उत्तर मिळाले की पुस्तक मिटावे. घरंदाज गुन्हेगारांच्या गोष्टीत ते कोणी केले हे पहिल्यापासून ठाऊक असते. तेथे प्रश्न निराळाच असतो आणि तो म्हणजे वारशाचा. बापाने उभा केलेला हा धंदा मुलगा पुढे चालवील काय? की त्याला यातून बाहेर पडता येईल?

मारिओ पुझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी १९६९ साली निघाली आणि १९७२ साली फ्रान्सिस कोपोला यांनी तिचा चित्रपट केला. त्याचा आरंभ मुलीच्या लग्नाने होतो, मारामारीने नव्हे. धाकटा मुलगा मायकेल युद्धात पराक्रम गाजवून आलेला, शिकलेला. बापाच्या धंद्याशी त्याला कर्तव्य नाही. चित्रपट संपतो तेव्हा तोच बापाच्या जागी बसलेला असतो आणि त्याच्या बायकोच्या तोंडावर दार बंद होते. ते दार बंद होताना प्रेक्षकाच्या पोटात जे तुटते, तेच या साऱ्या कथांचे मर्म होय. आपल्याकडे १९७५ च्या 'धर्मात्मा'ने हीच कथा हिंदीत आणली. १९८७ साली मणिरत्नम यांच्या 'नायकन'ने मुंबईच्या धारावीत तिला तमिळ घर दिले. १९९८ च्या 'सत्या'तला भिकू म्हात्रे बाहेर पिस्तूल चालवी आणि घरी बायकोच्या शिव्या खाई. पण चित्रपट तीन तासांचा. मालिकेचे तसे नाही. ती पोथीसारखी रोज थोडी थोडी उलगडते. वर्षानुवर्षे त्या घरात आपले येणेजाणे होते, तिथली मुले आपल्यादेखत मोठी होतात. खेळातला गुन्हेगार मग शेजारी होतो, आणि शेजाऱ्याला फाशी व्हावी असे सहसा कोणाला वाटत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. या मालिकांत ज्याचा गळा आवळला जातो त्याचे घर आपल्याला क्वचितच दाखवतात. त्याचीही बायको ताट वाढून वाट पाहत असेल. सोप्रानोकारांनाही ही खोच ठाऊक असावी. वर्षानुवर्षे टोनीचे दुःख ऐकून घेणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई शेवटून दुसऱ्या भागात त्याला दार दाखवतात. आपण याला बरे करीत नसून अधिक हुशार गुन्हेगार करीत आहोत, अशी शंका त्यांना आलेली असते. त्या खुर्चीत मला मीच बसलेला दिसलो.

परंतु याहूनही मोठी एक खोच आहे आणि ती या गोष्टींच्या बाहेर आहे. ती समजण्यासाठी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात जावे लागते. १८९० च्या ऑक्टोबरात तेथील पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांचा खून झाला. संशय इटालियन वसाहतीवर गेला. खटल्यात पंचांनी कोणालाही दोषी ठरवले नाही. काहींना निर्दोष सोडले, काहींबाबत त्यांचे एकमत झाले नाही. तेव्हा १४ मार्च १८९१ रोजी जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने इटालियन वंशाच्या ११ जणांना ठार मारले. माफिया या शब्दाची दहशत त्या काळापासून अमेरिकेत पसरली. प्रत्येक इटालियन भाजीवाल्याकडे, न्हाव्याकडे लोक त्या नजरेने पाहू लागले. म्हणूनच पुढे या मालिकेवर इटालियन-अमेरिकन संस्था चिडल्या. २००२ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी कोलंबस दिनाच्या मिरवणुकीला मालिकेतल्या दोन नटांना बोलावले, तर आयोजकांनी त्यांना येऊ दिले नाही आणि महापौरही मग मिरवणुकीला गेले नाहीत. गंमत अशी, की 'गॉडफादर'च्या संहितेतून माफिया हा शब्द काढावयास लावला तो ज्या संघटनेने, तिचा पुढारी जो कोलंबो हा स्वतःच न्यूयॉर्कच्या एका टोळीचा प्रमुख होता! परंतु त्याच्या ढोंगाने बाकीच्या लाखो कष्टकरी इटालियनांची तक्रार खोटी ठरत नाही. गुन्हेगाराचे घर दाखवणे निराळे आणि एखाद्या समाजाचे घर म्हणजेच गुन्हा असे मानणे निराळे.

हे दुसरे पाप अमेरिकेत जमावाने केले. आपल्याकडे ते कायद्याने केले, आणि त्याची एक खूण आमच्या सोलापुरात आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो करताना जो युक्तिवाद मांडला गेला तो आम्हा भवानी पेठकरांनी कान देऊन ऐकण्यासारखा आहे. तो असा : हिंदुस्थानात धंदे जन्माने ठरतात. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो. त्या अर्थी पिढीजात गुन्हेगारही असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या पोटी गुन्हेगारच जन्मणार. झाले! आमच्या धोट्याचा आणि मागाचा दाखला देऊन कोणा गोऱ्या साहेबाने लक्षावधी माणसांच्या पाळण्यातल्या पोरांच्या कपाळी गुन्हेगार असा शिक्का मारला. सरकारने एखादी जमात एकदा जाहीर केली की तिला कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू होईल असा झाला. १९२४ च्या कायद्याने तर ६ वर्षांवरील मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला दिली.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली येथली पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढे भोंग्यांवर गावाचे घड्याळ चालू लागले. गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला या जमाती नजरेखाली हव्या होत्या. शहराच्या कडेला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशी कुटुंबे तीत आणून ठेवली. हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून बाहेर जावयाचे नाही, गिरणीत राबावयाचे आणि पुन्हा तारेच्या आत यावयाचे. सेटलमेंट हा इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी बसला तो कायमचा. तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. पंडित नेहरूंच्या हस्ते ते कुंपण तुटले ही आठवण विमुक्तांच्या घरांतून अजून सांगतात. कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी; स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आता सोलापूरकरांचा एक गुण सांगतो आणि मग एक दोष. सरकारने गुन्हेगार म्हटले म्हणजे माणूस गुन्हेगार झाला, असे हे गाव मानीत नसे. १९३० साली येथे लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. सरकारी दप्तरात ते खुनी होते. गावाने त्यांचे पुतळे उभारले. चौघांना हुतात्मा म्हणणाऱ्या या गावाने तारेपलीकडच्या माणसांविषयी मात्र सरकारचा शब्द मुकाट्याने खरा मानला. नव्हे, तो भाषेत मुरवला. भामटा, उचल्या हे शब्द पाहा. कोणत्या माणसांची ही नावे आहेत याचा विचार न करता आपण शिवी म्हणून ते वापरतो.

हा दोष दुसऱ्यांचा म्हणून सांगत नाही. १९५८-५९ ची गोष्ट असेल. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आमचे घर विणकराचे. घरात तेलुगू, पेठेत मराठी. आजोबा खड्ड्याच्या मागावर बसत, आजी कांड्या भरी. कांड्यांसाठी टोपली लागे आणि ती विकावयास एक कैकाडीण येई. तिच्याबरोबर माझ्याच वयाचा मुलगा असे. ती दारात आली की आजी हळूच म्हणे, "बाहेरची भांडी आत घे." एके दिवशी दोघे येऊन गेली आणि पाण्याचा पितळी तांब्या दिसेना. दुसरा विचार कोणाच्या मनातच आला नाही. पुढच्या खेपेस गल्लीने त्या मुलाला धरला. चार जणांनी बडवला. त्याची आई टोपल्या टाकून मध्ये पडली, तिलाही धक्के बसले. तो मुलगा रडला नाही. मार कसा खावा हे त्याला कोणी तरी शिकवले असावे.

महिन्याने आजोबांनी मागाचा खड्डा साफ करावयास काढला. तांब्या तेथे होता. पाणी पिऊन त्यांनीच तो कडेला ठेवला असावा आणि तो घरंगळला असावा. आजोबा बराच वेळ तांब्या हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "कुठे बोलू नका." आणि आम्ही कोठे बोललो नाही. कैकाडीण पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. कायदा रद्द होऊन सहा वर्षे उलटली होती, परंतु आमच्या गल्लीपर्यंत तो हुकूम पोहोचलाच नव्हता.

मग मला वाटते, तारेपलीकडच्या घराची गोष्ट आपल्याला कोणी सांगितलीच नव्हती काय? सांगितली होती. १९५९ साली अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा, गावासाठी जीव देणारा त्याचा बाप राणोजी, जीव मुठीत धरून जगणारी आई, आणि त्या साऱ्यांवर लादलेली हजेरी, हे सारे त्यात आहे. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. ते वाचताना मला त्या टोपल्या पुन्हा दिसल्या. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. चोरीवर जगणे भाग पाडलेल्या घराची ती आतून सांगितलेली हकिकत आहे. रात्री-अपरात्री दारावर पडणारी पोलिसांची थाप आहे, झडती आहे, भूक आहे, आणि त्यातून शाळेत जाऊ पाहणारा एक मुलगा आहे. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. माफियाच्या घरातले सारे विषय येथे आहेत : बाप आणि मुलगा, भूक आणि अब्रू, टोळीची निष्ठा आणि बाहेर पडण्याची धडपड. नाही तो फक्त पोहण्याचा तलाव.

हे पाहिले म्हणजे या गोष्टींच्या मोहाचे कोडे माझ्यापुरते तरी सुटते. टोनीने काय, मायकेलने काय, आपल्या पायांनी त्या दारातून आत जावे की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. निवड त्यांच्या हाती आहे म्हणूनच आपला जीव टांगणीला लागतो. हा फिरेल, आता फिरेल, असे म्हणत आपण भागामागून भाग पाहतो. माझा मुलगा मागावर बसला नाही, नातू तर संगणकावर बसतो. आम्ही विणकराचा वारसा सोडला तेव्हा कोणी पोलीस दारात आला नाही. सेटलमेंटमधल्या पोराला हा प्रश्नच पडू दिला नव्हता. त्याचे उत्तर जन्माआधीच सरकारी वहीत लिहून ठेवलेले होते. चांगली कथा गुन्हेगारातला माणूस शोधते. तो कायदा माणसात गुन्हेगारच शोधीत होता. पडद्यावरच्या खुन्याला आपण जी सहानुभूती सहज देतो, ती आपल्या दारात आलेल्या टोपलीवालीला दिली नाही, एवढेच मला या मालिकेने उशिरा का होईना दाखवले.

होळीच्या सुमारास शेवटचा भाग झाला. टोनी एका साध्या खाणावळीत बायको आणि मुलाबरोबर बसला आहे, मुलगी आत यावयाची आहे, आणि पडदा एकाएकी काळा होतो. पुढे काय झाले कोण जाणे! नातू म्हणाला, "आजोबा, यावर लोक अजून भांडतात." मी त्याला म्हटले, "भांडू देत. तू आता 'उचल्या' वाच." पुस्तक मी कपाटातून काढूनच ठेवले होते.

तो पितळी तांब्या अजून आमच्या घरी आहे. लक्ष्मीपूजनाला त्यातच पाणी भरून, पाने आणि नारळ ठेवून कलश मांडतात. यंदा पूजा झाल्यावर घरातल्या साऱ्यांना मी त्याची गोष्ट सांगणार आहे. तो मुलगा हयात असेल तर माझ्याच वयाचा असेल. "कुठे बोलू नका" हा आजोबांचा शब्द मी साठ-पासष्ट वर्षे पाळला. हा एक वारसा मात्र आता पुढे चालवावयाचा नाही.